सुट्टी पाठ, सण अनोळखी

30 मार्च 2025, रविवार. दिवस मावळायच्या बेताला घरोघरच्या गुढ्या उतरल्या. साखरेच्या गाठीचे तुकडे पोरांच्या हातात गेले, तांब्या घासून स्वयंपाकघरात आला, काठी माळ्यावर चढली. नेमक्या त्याच वेळी भेंडीबाजारात, मुंब्र्यात, मालेगावात माणसं गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे बघत उभी होती. एकोणतिसावा रोजा सुटला होता. चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा. तिकडे उल्हासनगरात त्याच दिवशी चेटीचंड होता, कारण सिंधी बांधवांचं वर्षही चैत्रातल्या याच पहिल्या चंद्रकोरीच्या दर्शनाने सुरू होतं. झुलेलालांच्या नावाने बहराणा साहेबाचं ताट सजलं होतं: दिवा, खडीसाखर, फळं, अक्षता. मिरवणूक पाण्याकडे निघाली होती.

चंद्र दिसला. सोमवारी ईद झाली.

एका कोरीवर कुणाचं वर्ष सुरू झालं, कुणाचा उपवासाचा महिना संपला. आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक होतं? फार थोड्यांना. बाकीच्यांना एवढंच माहीत होतं की रविवारला जोडून सोमवार मोकळा मिळाला आणि अलिबागचा रस्ता तुंबलेला असणार.

माझी तक्रार साधी आहे. आपल्याला सुट्ट्या पाठ आहेत, सण माहीत नाहीत. आणि ज्याचा सण आपल्याला माहीत नाही त्याच्याशी आपण वाईट वागत नसू, पण नीटही वागू शकत नाही.

आमच्या सोसायटीतलंच घ्या. त्या आठवड्यात लिफ्टशेजारी नोटीस लागली: सोमवारी सकाळी सहा ते अकरा पाणी बंद, टाक्या साफ करायच्या आहेत. सोमवार म्हणजे 31 मार्च. ईदच्या सकाळी अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून नमाजाला जायचं असतं. नमाज सकाळीच असते. घरात शीरखुर्म्याचं पातेलं, पाहुण्यांची ये-जा, वाट्या-चमच्यांचा ढीग. आणि नळ कोरडे. आमच्या इमारतीत मुसलमान घरं दोन. त्यांनी तक्रार केली नाही, आदल्या रात्री ड्रम भरून ठेवायचं ठरवून टाकलं. सेक्रेटरींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “सुट्टी आहे म्हणून तर तो दिवस धरला. सगळे घरी असतात.” सुट्टी कशाची, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. सांगितल्यावर दोन मिनिटांत तारीख बदलली.

कुणाच्या मनात काळं नव्हतं. म्हणून तर ही गोष्ट मला जास्त लागते. पाडव्याच्या पहाटे टाकी धुवायला काढू, असं कमिटीत कुणी सुचवलं असतं का? तोंडातून शब्दच फुटला नसता. कारण पाडवा त्यांच्या अंगवळणी आहे आणि ईद त्यांच्या कॅलेंडरातला फक्त लाल आकडा आहे.

कॅलेंडरचा यात काही दोष नाही. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली सुरू केलेलं कालनिर्णय मराठी घराच्या भिंतीवर असतंच असतं. त्यात एकादशी-चतुर्थीच्या बरोबरीने मुसलमानांचे, ख्रिस्त्यांचे, पारशांचे, ज्यूंचे दिवस छापलेले असतात. छापणाऱ्याने आपलं काम केलं आहे. आपण मात्र त्यावर दुधाचा हिशेब लिहितो, चंद्रोदय बघतो आणि पान उलटतो.

त्याच महिन्यातली आणखी एक तारीख सांगते. 14 मार्च 2025, शुक्रवार. त्या दिवशी धुळवड होती. रमजानमधला दुसरा जुम्मा होता. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ चालू होता आणि त्यातला शुक्रवार म्हणजे मांस वर्ज्य. आणि ज्यूंचा पुरिम होता, लेकरांना सोंगं घालायला लावणारा, खाऊच्या पुड्या वाटायला लावणारा आनंदाचा सण. कोकणातल्या बेने इस्रायली मंडळींनी तर पुरिमला पिढ्यानपिढ्या ‘होळीचा सण’ असंच म्हटलं. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाच्या इतिहासात तशी नोंद करून ठेवली आहे. फाल्गुनातली ती एकच पौर्णिमा, शेजारी होळी पेटलेली, आणि समोरच्या शनवार तेल्याच्या, म्हणजे बेने इस्रायली शेजाऱ्याच्या घरी पुरिम.

आणि 2025 साली देशात त्या शुक्रवारी चर्चा कशाची झाली? तर कुणी घरात बसायचं याची. रंग नको असेल त्याने बाहेरच पडू नये, असे सल्ले उत्तरेत अधिकारपदावरून दिले गेले. काही गावांत मशिदींनी जुम्म्याची वेळ थोडी पुढे ढकलली आणि दोन्ही गोष्टी पार पडल्या. ज्यांनी वेळ पुढे ढकलली ते शहाणे. ज्यांनी घरात बसायला सांगितलं त्यांनी आपल्या खुर्चीचा मान घालवला.

रंग लावण्याआधी विचारावं, हा नियम फक्त मुसलमानासाठी आहे असंही कुणी समजू नये. बाईला विचारावं. म्हाताऱ्याला विचारावं. दहावीच्या पेपरची तयारी करत बसलेल्या पोराला विचारावं. ज्याला नको आहे त्याला नको आहे. “बुरा न मानो” हे विचारण्याला पर्याय म्हणून वापरणं मला मुळीच मान्य नाही.

हे सण असे एकमेकांच्या अंगावर का येतात? चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, सौरवर्ष 365 दिवसांचं. दरवर्षी अकरा-एक दिवसांची तूट. ही तूट भरायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. आपण सुमारे तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालतो. ज्यू एकोणीस वर्षांत सात वेळा तेरावा महिना घालतात. ख्रिस्ती मंडळी 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरतात आणि तिच्या पुढच्या रविवारी ईस्टर करतात. पारशांनी जमशेदी नवरोज वसंतसंपाताला, 21 मार्चला बांधून टाकला. त्या दिवशी दारात खडूच्या भुकटीचे चोक उमटतात, आत रवा आणि शेवया शिजतात, फालुदा होतो. इस्लामी पंचांग मात्र तूट भरतच नाही. म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. रोजा कधी मे महिन्याच्या काहिलीत येतो, कधी डिसेंबरच्या थंडीत. 2030 साली तर रमजान जानेवारीतही लागेल आणि डिसेंबरातही.

याचा परिणाम असा, की पाडवा आणि ईद फार क्वचित शेजारी येतात. 2024 साली पाडवा 9 एप्रिलला आणि ईद 11 एप्रिलला होती. 2025 साली ते लागून आले. 2026 सालीही जवळजवळ आले. मग 2026चा अधिक ज्येष्ठ मध्ये पडतो आणि 2027पासून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. पुन्हा गाठ पडायला सुमारे तीस वर्षं लागतात.

याआधी ते शेजारी आले होते 1993 सालच्या मार्चमध्ये.

मुंबईकर वाचकाला ती तारीख सांगायला नको. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993च्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे 900 माणसं गेली. 12 मार्चला, रमजानमधल्या एका शुक्रवारी, बॉम्बस्फोट झाले आणि 257 जीव गेले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत पाडवा आणि ईद पाठोपाठ आले. त्या वर्षी किती घरांनी गुढी उभारायची म्हणून उभारली आणि किती घरांनी शीरखुर्मा शेजारी पाठवला नाही, याची नोंद कुठल्याही आयोगाने केलेली नाही. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या घरी अजून विचारता येईल.

आता भिवंडी. यंत्रमागांचं गाव, मुसलमान वस्ती मोठी, हिंदू वस्तीही मोठी. 7 मे 1970ला शिवजयंतीच्या मिरवणुकीतून तिथे दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. 1984 साली पुन्हा दंगल. दोन्ही बाजूंनी आधीपासून साठलेली वाफ होतीच. पण 1992-93 साली, वीस-पंचवीस मैलांवर मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. 1988 साली तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. बीटच्या पोलिसासमोर त्या वस्तीतले हिंदू-मुसलमान नियमाने बसत. विषय काय? नळाचं भांडण, गटार, भाडेकरू, पोरांची छेडछाड, आणि येणारे सण. कोणती मिरवणूक कुठून जाणार, अजान किती वाजता, ताशा कुठे थांबवायचा. उपदेश नाही, गळाभेटीचे फोटो नाहीत. महिन्यामागून महिने एकाच सतरंजीवर बसणं. खोपड्यांनी या अनुभवावर पुढे पुस्तक लिहिलं. आपल्या पोलीस खात्याने आणि पुढाऱ्यांनी ते जितकं वाचायला हवं होतं तितकं वाचलेलं दिसत नाही.

मिरवणुकीबद्दल एक स्पष्टच बोलते. प्रार्थनास्थळासमोर आल्यावर डीजेचा आवाज वाढतो, तो आपोआप वाढत नाही. कुणीतरी बटण फिरवतो. रामनवमी असो, शिवजयंती असो, ईदचा जुलूस असो, कुणाचीही जयंती असो, बटण फिरवणारा हात सणाचा नसतो, खोडीचा असतो. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, हा नियम 2000 सालापासून सगळ्यांना लागू आहे. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. आपल्या भोंग्याला श्रद्धा आणि दुसऱ्याच्या भोंग्याला उपद्रव म्हणणारी माणसं दोन्हीकडे आहेत आणि दोन्हीकडची चुकताहेत.

उपवासाबद्दल बोलू. आपल्याला वाटतं, उपवास म्हणजे साबुदाणा. या ऋतूत आजूबाजूला किती तऱ्हेचे उपवास चालू असतात ते पाहा. रोजा पहाटेच्या सहेरीनंतर सुरू होतो आणि सूर्यास्ताला सुटतो. मधे अन्न नाही आणि पाणीही नाही. म्हणून ऑफिसात “अगं, पाणी तरी घे” असा आग्रह करणाऱ्यांनी कृपा करून तो थांबवावा. ती बाई पाणी विसरलेली नाही. जैनांची चैत्रातली आयंबील ओळी शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नऊ दिवस असते. दिवसातून एकदाच जेवायचं आणि तेही दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांतलं काही न घेता, नुसतं शिजवलेलं धान्य. तिथे आपण प्रेमाने पेढा पुढे करणं हे प्रेम नव्हे. ख्रिस्ती उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन माणसं कामाला जातात. आणि चैत्री नवरात्राचं व्रत धरणाऱ्या घरांतही एक घर फळांवर, एक घर एकभुक्त, एक घर निर्जळी.

विचारायचं. “तुला काय चालतं?” हा एक प्रश्न पुरतो. समोरचा सांगतो. आनंदाने सांगतो.

मुंबईच्या लोकलमध्ये हे शहाणपण मी पाहिलं आहे. मार्च महिन्यातला रमजान म्हणजे रोजा सुटायची वेळ पावणेसातच्या सुमाराला, ऐन गर्दीत. कल्याण स्लोच्या लेडीज डब्यात दारापाशी चेंगरून उभी असलेली मुलगी घड्याळ बघते. कुणीतरी न सांगता तिच्यासाठी सीट सोडते. दुसरी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून देते. ती पर्समधून खजुराचा डबा काढते, एक तोंडात टाकते आणि डबा पुढे करते. डबा हातोहात फिरतो. ज्या बायका खजूर घेतात त्यांतल्या एखादीची संकष्टी असते. तिला खजूर चालतो. कुणी भाषण करत नाही. विद्याविहारला अर्धा डबा उतरतो.

हे त्या बायकांना कुणी शिकवलं नाही. रोज एका डब्यात चढून त्यांना एकमेकींचं वेळापत्रक कळलं. ज्या सोसायटीत एकाच आडनावाची, एकाच ताटाची माणसं निवडून घेतली जातात तिथे हे कळायची सोयच उरत नाही. घर भाड्याने देताना नाव ऐकून फोन ठेवायचा आणि ईदला “आमची बिर्याणी कुठाय?” असा मेसेज पाठवायचा, हे दोन्ही एका माणसाला शोभत नाही. पुढाऱ्यांच्या इफ्तारलाही हेच लागू. टोपी घालून फोटो निघाला, पंगत उठली, आणि त्याच प्रभागात कब्रस्तानाच्या जागेची फाइल वर्षानुवर्षं हलत नाही. मला अशा इफ्तारचं कौतुक नाही.

ख्रिस्ती सणांच्या बाबतीत आपलं अज्ञान अधिक गोड बोलतं. दरवर्षी कुणीतरी “हॅपी गुड फ्रायडे” पाठवतंच. तो येशूच्या मरणाचा दिवस आहे. वसईला, उत्तनला, वांद्र्याला त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा होत नाही, वेदी उघडी असते, दुपारी तीनच्या सुमारास प्रार्थना होते. गुरुवारच्या मिस्सेत घंटा बंद होतात त्या ईस्टरच्या जागरणापर्यंत वाजत नाहीत. मधल्या वेळात लागलंच तर लाकडी खुळखुळा वाजवतात. त्याआधीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेली झावळी वर्षभर भिंतीवर खोचलेली असते. पुढच्या वर्षी अशाच झावळ्या जाळून राखेच्या बुधवारची राख करतात. इतकी साधी, इतकी सुंदर रीत आपल्या शेजारच्या घरात चालते आणि आपण तिथे शुभेच्छांचं चित्र पाठवतो. खासगी क्लासवाले तर गुड फ्रायडेलाच तीन तासांची टेस्ट लावतात. शाळेला सुट्टी ना! वर्गातल्या एखाद्या डिसोझाने किंवा तुस्कानोने टेस्ट द्यावी की चर्चला जावं, हे त्याने ठरवायचं.

हे आपल्या बाहेरचे लोक नव्हेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईहून ‘सुवार्ता’ मासिक मराठीत चालवलं, बायबल सुबोध मराठीत आणलं, आणि 2020 साली उस्मानाबादला भरलेल्या 93व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या वेळी एक धर्मगुरू, आणि तोही ख्रिस्ती, मराठीच्या संमेलनाचा अध्यक्ष कसा, असं विचारणारे निघाले होते. विचारणाऱ्यांतल्या किती जणांनी दिब्रिटोंची चार पानं वाचली होती?

आमचे पूर्वज या बाबतीत आमच्यापेक्षा मोकळे होते असं सरसकट म्हणणार नाही. त्यांच्या गावात शिवाशीव होती, पाणवठे वेगळे होते, जातीचा काच होता. त्या काळाचे गोडवे गायला मी तयार नाही. पण काही रिवाज त्यांनी असे घालून ठेवले, की ते पाहून मान डोलवावी. गोव्यातल्या शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्र सायबीण या लोकांच्या लेखी सख्ख्या बहिणी आहेत. सात बहिणींतली एक मिराबाई, तीच चर्चमध्ये मिलाग्र झाली अशी श्रद्धा. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला. व्रत धरलेले धोंड वेताची काठी घेऊन रात्री निखाऱ्यांतून चालतात. मिलाग्रचं फेस्त ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी. एकीची तारीख पंचांगावर, दुसरीची ईस्टरच्या गणितावर, आणि तरी दोघी बहुधा थोड्या दिवसांच्या अंतराने येतात, कारण मुळाशी चंद्र एकच. एकीकडून तेल जातं, दुसरीकडून मोगऱ्याची फुलं येतात असा प्रघात आहे. म्हापशाच्या फेस्ताला हिंदू बाया रांगेत उभ्या राहून सायबिणीला तेल वाहतात. पोर्तुगीजांनी देवळं पाडली, माणसं बाटवली, इन्क्विझिशन लादलं. गावाने त्यावर बहिणीचं नातं सांगितलं आणि ते आजवर पाळलं. कुंकळ्ळीतही तसंच. शिगम्याच्या दिवसांत शांतादुर्गेच्या सोंत्र्यो, म्हणजे छत्र्या, फातर्प्याहून कुंकळ्ळीला येतात. गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, त्या बारा छत्र्या. वांगडातली काही घरं ख्रिस्ती झाली, तरी छत्रीतला त्यांचा मान सुटला नाही.

बेने इस्रायलींतली बहुतेक घरं 1948नंतर इस्रायलला गेली. तिकडून ‘मायबोली’ नावाचं नियतकालिक मराठीत निघालं. अलिबागजवळच्या नवगावला त्यांचं जुनं दफनस्थान आहे. मागे राहिलेल्यांच्या घरी वल्हांडण येतो, आठ दिवस खमीर घातलेलं काही घरात ठेवत नाहीत. 2025 साली वल्हांडणाची पहिली रात्र 12 एप्रिलला होती. सकाळी हनुमान जयंती झाली होती. चैत्री पौर्णिमा.

तो आठवडाच पाहा ना. 10 एप्रिलला महावीर जयंती. 11 एप्रिलला महात्मा फुल्यांची जयंती. 12ला हनुमान जयंती, रात्री वल्हांडण. 13ला झावळ्यांचा रविवार. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात बैसाखीची गर्दी. 14ला मल्याळी घरांत विशूची पहाट, बहाव्याच्या पिवळ्या फुलांनी सजलेली कणी. आणि 14 एप्रिल म्हणजे बाबासाहेब.

14 एप्रिलबद्दल थोडं थांबते, कारण इथे आपलं न पाहणं सगळ्यात जुनं आहे. कित्येक सुशिक्षित घरांत त्या दिवसाची माहिती ‘दादरला ट्रॅफिक असेल’ एवढ्यावर संपते. जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी 1928 साली पुण्यात पहिली सार्वजनिक भीमजयंती केली, तेव्हा बाबासाहेब 37 वर्षांचे होते. हयात माणसाची जयंती त्याच्या लोकांनी का सुरू केली असेल याचा विचार करावा. या दिवसांत गावोगावच्या विहारांत आणि कॉलेजांत मुलं सलग 18 तास अभ्यासाला बसतात. सतरंज्या घातलेल्या असतात, कोपऱ्यात पाण्याचा पिंप, मधे चहाची किटली फिरते, आणि सातवीतल्या पोरापासून स्पर्धापरीक्षेच्या उमेदवारापर्यंत सगळे मान खाली घालून वाचत असतात. महापुरुषाचा दिवस पुस्तक उघडून पाळायची ही रीत महाराष्ट्राने जगाला दाखवावी अशी आहे. शेजारच्या कॉलनीतल्या लोकांना ती दाखवायची राहिली आहे, कारण ते त्या दिवशी लोणावळ्याला असतात.

म्हणून विनंती आहे, आणि ती नेमक्या माणसांना आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनो, वार्षिक सभा, टाकीची सफाई, गच्चीचं डांबरकाम यांची तारीख ठरवण्याआधी आपल्या इमारतीतल्या प्रत्येक घराचे दिवस एका कागदावर लिहून घ्या. क्लासवाल्यांनो, गुड फ्रायडे, ईद आणि 14 एप्रिल हे टेस्ट सिरीजसाठी मोकळे सापडलेले दिवस नव्हेत. ऑफिसात पाळ्या लावणाऱ्यांनो, रमजानमध्ये ज्याला सूर्यास्ताला पाच मिनिटं हवी आहेत त्याला ती मागायला लावू नका, पाळीतच धरा. मंडळांच्या अध्यक्षांनो, मिरवणुकीच्या परवानगीचा अर्ज भरण्याआधी वाटेतल्या मशिदीच्या, चर्चच्या, विहाराच्या, देवळाच्या ट्रस्टींना भेटून या. पोलिसांनी बोलावल्यावर नको, त्याच्या आधी जा.

आणि वाचकांनो, तुमच्यासाठी एकच काम. तुमच्या मजल्यावर ज्या घराचा सण तुम्हाला येत नाही, त्या घराची बेल या आठवड्यात वाजवा आणि विचारा, “तुमच्याकडे पुढचा सण कोणता? त्या दिवशी आम्ही काय करावं आणि काय करू नये?” उत्तर कॅलेंडरवर लिहून ठेवा.